चहा, खारी आणि हिमोग्लोबिन



संयोजकांनी मला विषय दिला तो 'किशोरवयीन मुलांचा आहार आणि मानसिक स्वास्थ्य'. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ तर नाहीच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर खुर्चीत बसून ज्यांचं पोट पुढे येतं, त्या जमातीतला. त्यामुळे आरोग्यावर मी बोलावं यात थोडा विनोद आहे, तो तुम्हीही करून घ्या. पण एक गोष्ट मला रोजच्या कामामुळे येते. काही बिघडलं, की ते नेमकं कुठे बिघडलं हे मागे मागे जात शोधायचं. आमच्याकडे सर्व्हर मंदावला तर 'हा सर्व्हर आळशी आहे' असं कुणी म्हणत नाही. आधी त्याच्या नोंदी उघडून बघतात. त्याला काय मिळतंय, किती मिळतंय, कुठे अडकलंय.

घरात मात्र नववी-दहावीतली मुलगी मंदावली, की आपण नोंदी बघत नाही. थेट निकाल देतो. आळशी झाली. मोबाईलचं वेड लागलं. अभ्यासात मन नाही. तोंड वर करून बोलते. आणि फारच झालं तर, नजर लागली, काहीतरी असर आहे, अमक्या बाबांकडून पाणी दम करून आणा.

मी आज सगळ्या आहारावर बोलणार नाही. एकच धागा धरतो, लोहाचा. लोह म्हणजे आयर्न. हा धागा ओढला की आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्याबरोबर बाहेर येतात, हे तुम्हाला दिसेलच.

आधी आकडे, मग घरी जाऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५४.१ होता. कमी व्हायला हवा होता, तो वाढला. मुलांमध्ये, म्हणजे त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये, तो ३१.१ टक्के आहे. हे मुलग्यांनी नीट ऐका, कारण 'हा बायकांचा विषय' म्हणून मागच्या रांगेत मोबाईल काढलेले तिघे-चौघे मला इथून दिसताहेत. तुमच्यातला जवळजवळ तिसरा मुलगा यात आहे.

आता एक गंमत सांगतो. २०१६ ते २०१८मध्ये केंद्र सरकारनेच आणखी एक मोठं पोषण सर्वेक्षण केलं होतं. त्यात १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुलगे रक्तक्षयाचे निघाले. म्हणजे आकडे बरेच खाली. मग खरं काय? एका सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं होतं, दुसऱ्यात शिरेतून घेतलं होतं. दोन्हींतला वयोगटही वेगळा होता. मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. म्हणून मी ५९चा आकडा घेऊन तुम्हाला घाबरवणार नाही. कमीत कमी धरला तरी दहा मुलींमागे चार. या खोलीत किती मुली बसल्या आहेत ते मोजा आणि हिशेब तुम्हीच करा.

रक्तक्षय म्हटलं की आपल्याला वाटतं, अशक्तपणा, चक्कर, पांढरी पडलेली नखं. ते आहेच. हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे शरीराला प्राणवायू कमी. जिना चढताना धाप लागते ती त्यामुळे. पण आज मला त्याच्या पुढचं सांगायचंय. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन नावाची रसायनं तयार होतात. उत्साह, एकाग्रता, मूड, झोप, सगळ्यांत त्यांचा हात असतो. ही रसायनं बनवणारी जी विकरं आहेत, त्यांना काम करायला लोह लागतं. म्हणजे लोह हा फक्त रक्ताचा मामला नाही, तो डोक्याचाही आहे. आणि शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. बँकेतली शिल्लक संपत आली तरी खिशात अजून नोटा असतात, तसं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 'नॉर्मल' आणि मुलगी मात्र सतत थकलेली, चिडलेली, असं होऊ शकतं. साठा बघायचा असेल तर फेरिटिन नावाची वेगळी तपासणी असते.

यावर १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या हायस्कूलच्या मुली. रक्तक्षय नाही, पण लोह कमी, अशा मुली निवडल्या. निम्म्यांना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे मुलींना माहीत नव्हतं. आठ आठवड्यांनी शब्द शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचणीत लोह घेतलेल्या मुली पुढे होत्या. ज्यांना वरवर काहीच झालेलं नव्हतं, अशा मुली.

बाल्टिमोर लांब वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रात या. इथल्या ग्रामीण भागातल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर एक प्रयोग झाला, तो २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना साध्या बाजरीची भाकरी, निम्म्यांना जास्त लोह असलेल्या सुधारित वाणाच्या बाजरीची भाकरी. रोज, दोन्ही जेवणांत. औषध नाही, गोळी नाही, भाकरी. काही महिन्यांत सुधारित बाजरी खाणाऱ्यांचा लोहाचा साठा वाढला. पुढे २०१८मध्ये याच प्रयोगातल्या १४० मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांचे निकाल आले, त्यातही ही मुलं सरस ठरली. मला या प्रयोगाचं फार कौतुक वाटतं. कारण माझ्या नानीच्या घरी बाजरीची भाकरी रोज व्हायची आणि अम्मीच्या पिढीत ती गरिबीची खूण म्हणून ताटातून गेली. तिच्या जागी मैदा आला. खारी, टोस्ट, ब्रून पाव, बटर, नानकटाई, पराठा. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, गव्हाच्या पिठात त्याहून कमी, मैद्यात आणखी कमी आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही.

आणि गरज किती? आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण असं आहे: १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह, त्याच वयाच्या मुलग्याला २६. मोठ्या माणसाला, म्हणजे तुमच्या अब्बूंना, १९. आता तुमच्या घरातलं दस्तरखान डोळ्यांपुढे आणा. सालनातल्या बोट्या कुणाच्या ताटात जातात आणि रस्सा कुणाच्या? ज्याला १९ लागतं त्याला बोटी आणि जिला ३२ लागतं तिला रस्सा आणि त्यातला बटाटा. यात कुणी दुष्ट नाही. अम्मीच वाढते, अम्मी स्वतः तर सगळ्यांत शेवटी भांडं पुसून खाते. पण हिशेब उलटा आहे, तो आहेच. मला कुणी विचारलं की घरात समतेची सुरुवात कुठून करायची, तर मी म्हणेन, पातेल्यातल्या डावापासून करा.

मांसाबद्दल बोलतोच आहोत तर थोडं थांबू. मांसातलं लोह आणि भाजी-डाळीतलं लोह वेगळ्या रूपात असतं. मांसातलं शरीर सहज उचलतं, डाळी-भाज्यांतलं फार थोडं उचलतं. पण डाळीबरोबर थोडं मांस असेल किंवा लिंबू, चिंच, आवळा, पेरू असं आंबट काही असेल तर डाळीतलं लोहही जास्त उचललं जातं. म्हणजे आपला दालचा बघा. चण्याची डाळ, दुधी, चार बोट्या आणि चिंच. ज्या कुणी तो पहिल्यांदा केला त्यांना पोषणशास्त्र माहीत नव्हतं, पण काम त्यांनी पक्कं केलंय. खिचड्यावर लिंबू पिळतो तेही तसंच.

या लोहाचा सर्वांत स्वस्त मार्ग गरीब मोहल्ल्यात कुठला होता? बड्याचं मटण. मार्च २०१५पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, गायींवर ती आधीपासून होतीच. म्हशी-रेड्याचं मांस कायद्याने चालतं, पण ते पूर्वीसारखं सहज आणि बिनघोर मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. या कायद्यावर बोलणारे सगळे धर्मावर बोलले, राजकारणावर बोलले. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मुलीच्या हिमोग्लोबिनवर मात्र फारसं कुणी बोललं नाही. मला तो प्रश्न जास्त मोठा वाटतो.

अंड्याचंही तेच. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने शाळेच्या माध्यान्ह भोजनात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. जानेवारी २०२५मध्ये अंड्यासाठीचा पैसा बंद झाला. शाळांनी लोकवर्गणीतून करावं असं सांगितलं गेलं. आणि या योजनेतली एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का बघा. शाळेचं जेवण पहिली ते आठवीपर्यंत. नववीत गेलात की बंद. म्हणजे वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, जेव्हा उंची वाढते, पाळी नियमित होऊ लागते, गरज सगळ्यांत जास्त असते, तेव्हा ताट काढून घेतलं जातं. योजना करणाऱ्यांना आठवीपर्यंतचा शिक्षणहक्क कायदा दिसला, शरीराचं वेळापत्रक दिसलं नाही.

आता चहा.

तुम्ही हसताय, कारण सगळ्यांना माहीत आहे मी कुठे चाललोय. आपल्याकडे सकाळी चहा-खारी, दुपारी जेवणानंतर अर्धा कप, चारला चहा-टोस्ट, कुणी आलं की चहा, कुणी गेलं की चहा. चहात टॅनिन आणि तशीच काही द्रव्यं असतात. ती जेवणातल्या लोहाला, विशेषतः डाळी-भाज्यांतल्या लोहाला, धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं, असं मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे अम्मीने मेथीची भाजी केली, मुलीने ती खाल्ली आणि लगेच वर चहा प्यायली, तर ती भाजी बरीचशी वाया गेली. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. मला मोहल्ल्यात राहायचंय. म्हणणं एवढंच की जेवण आणि चहा यांच्यात तास-दीड तास जाऊ द्या. आणि चहा-खारीला नाश्ता म्हणू नका. तो चहाच आहे, मैद्यासकट.

मी एक उदाहरण सांगतो, माझ्या खालाच्या मुलीचं. तिची परवानगी घेऊन सांगतोय, नाव तिने सांगू नको म्हटलंय. दहावीला उत्तम गुण. अकरावी सायन्सला गेली आणि सहा महिन्यांत सगळं ढासळलं. दुपारी घरी आली की झोपायची. कुणी काही बोललं की रडायची. मैत्रिणी तुटल्या. चाचणी परीक्षेत दोन विषय राहिले. खालू म्हणाले, शिकून काय करायचंय, एवढं जमत नसेल तर बसू दे घरी. एक स्थळही बघून ठेवलं होतं. एकदा कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा एका ओळखीच्यांनी सांगितलं की हा बाहेरचा प्रकार आहे. तावीज आला.

मला संशय आला तो वेगळ्याच गोष्टीने. खालाच्या घरी तांदळाच्या डब्यात सारखा हात घालून ती कच्चे तांदूळ खायची. खडू आणि पाटीवरची पेन्सिलसुद्धा. खाला ते हसत सांगत होती, लहानपणापासूनची खोड म्हणून. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असं खावंसं वाटणं हे लोह कमी असण्याचं ओळखीचं लक्षण आहे. हे इथे बसलेल्यांपैकी ज्या कुणाला लागू होत असेल, तिने लाजू नये, फक्त लक्षात ठेवावं. साधी रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन ८.४. तिच्या वयात ते किमान १२ हवं. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते विचारलं. तो जास्त होत होता आणि तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कुणी नव्हतं. महिन्याभरात झोप कमी झाली. तीन-साडेतीन महिन्यांनी आकडा ११च्या पुढे गेला, गोळ्या पुढेही चालू राहिल्या. बारावी तिने साधारण गुणांनी पास केली, चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण स्थळ परत गेलं. आज ती फार्मसी करते. मला राहून राहून वाटतं, केवळ दीड-दोनशे रुपयांची एक तपासणी झाली नसती तर एका मुलीचं शिक्षण 'हिला जमत नाही' या एका वाक्यावर थांबलं असतं. असं किती जणींचं थांबलं असेल, त्याची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात नाही.

आता जो मुद्दा मला आज सगळ्यांत जास्त बोलायचा होता, त्याकडे येतो. तो थोडा अवघड आहे आणि मी पुरुष असून तो बोलतोय. मुलींनी बोलला असता तर बरं झालं असतं, पण मग घरातल्या पुरुषांनी ऐकला नसता.

रमजान. रोज्याला माझा विरोध नाही. निरोगी मुलाला रोज्याने काही होत नाही, उलट वेळेवर खाण्याची, थांबण्याची शिस्त येते. प्रश्न रोज्याचा नाही, त्याच्या आजूबाजूला आपण जे करतो त्याचा आहे. पाळीच्या दिवसांत मुलीला रोजा नसतो. हे सगळ्यांना माहीत आहे, लहान मकतबातही शिकवतात. धर्माने तिला त्या दिवसांत खायला मोकळीक दिली, ते रोजे नंतर पुरे करायला सांगितले. आणि घरात काय होतं? ती खात नाही. कारण खाल्लं तर अब्बूंना, भाईला, दादांना कळेल की तिला पाळी आली आहे. म्हणून ती सहरीला सगळ्यांबरोबर उठते, दिवसभर रोजा असल्यासारखी वावरते, तहान लागली तर मोरीत जाऊन घोटभर पाणी पिते आणि इफ्तारला सगळ्यांबरोबर खजूर उचलते. मला हे एकीने सांगितलं, मग दुसरीने, मग मी विचारत गेलो तर 'यात काय नवीन' असं सगळ्याच म्हणाल्या.

नीट बघा हे. महिन्यातले नेमके ते दिवस, जेव्हा शरीरातून रक्त आणि त्याबरोबर लोह जातंय, त्याच दिवसांत ती उपाशी. ज्यासाठी सवलत आहे त्याच गोष्टीची शिक्षा. आणि हे ना कुराणात आहे, ना हदीसमध्ये, ना कुठल्या मौलवींनी सांगितलेलं. हे फक्त आपल्या घराच्या लाजेने बनवलेलं आहे. म्हणून ते आपणच मोडू शकतो, त्याला ना फतवा लागतो ना कायदा. इथल्या भावांनी एवढं करावं. रमजानमध्ये दुपारी स्वयंपाकघरात बहीण काही खाताना दिसली तर वळून बघू नये, विचारू नये, चेष्टा तर मुळीच करू नये. आणि ज्याला जमेल त्याने अम्मीला सरळ सांगावं की बाजीसाठी दुपारचं झाकून ठेव. पहिल्या वर्षी सगळ्यांचे कान लाल होतील. दुसऱ्या वर्षी कुणाला काही वाटणार नाही.

रमजानचंच आणखी थोडं. गेली काही वर्षं तो दहावी-बारावीच्या परीक्षांवर येतोय. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे तो हळूहळू परीक्षेतून निघून पूर्वपरीक्षेवर जाईल, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यात पेपर द्यायचेत किंवा देऊन झालेत. अडचण उपाशी पोटाची कमी आणि झोपेची जास्त असते. १३ ते १८ वयाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं संप्रेरक मेंदूत उशिरा सुटतं. म्हणजे तुम्हाला अकराच्या आधी झोप येत नाही ही सगळी तुमची लबाडी नाही. घरच्यांना हे सांगा, माझं नाव घेऊन सांगा. पण तरावीहनंतर चौकात दोन वाजेपर्यंत बसायचं, मग सहरी करून झोपायचं आणि सात वाजता पेपरला निघायचं, यात घड्याळाचा काही दोष नाही. चार तासांच्या झोपेवर माणूस चिडका, रडका आणि विसराळू होतोच. मग तो रोजा असो वा नसो.

सहरीला चहा-पाव खाऊन झोपणाऱ्यांना दहा वाजता भूक लागते, कारण मैदा आणि साखर लवकर उतरते. डाळ, अंडं, दही, भाकरी असं काही असेल तर दिवस बरा जातो. इफ्तारला आधी भजी, समोसे, सरबत आणि मग जेवण जात नाही म्हणून चहा, हे तर आपलं ठरलेलंच. पोटाच्या तीन हिश्श्यांची शिकवण मकतबात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इफ्तारच्या दस्तरखानावर ती कुणालाच आठवत नाही, मीही त्यातच.

मुलग्यांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. वीस रुपयांची ती लाल-निळी एनर्जी ड्रिंकची बाटली. आमच्या गल्लीतली आठवीची मुलं क्रिकेटनंतर ती पितात. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. त्यात कॅफीन जास्त आहे, लहान मुलांसाठी ती योग्य नाही, असं छापणं आपल्या देशात नियमानेच बंधनकारक आहे. छापलेलं असतं, इतकं बारीक की वाचायला चष्मा लागावा. त्यात भर म्हणून साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. साध्या कोल्ड्रिंकच्या २५० मिलिलिटरमध्येच तेवढी संपते. संध्याकाळी कॅफीन, रात्री झोप नाही, सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा कॅफीन. हे चक्र आमच्या आयटीतल्या लोकांनी तुमच्याआधी फिरवून बघितलंय, त्यात बघण्यासारखं काही नाही. मावा आणि गुटख्यावर मी बोलत नाही. २०१२पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि कुठल्या टपरीवर मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता निळ्या गोळीबद्दल, कारण प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमध्ये दोघी-तिघींनी विचारलंय. शाळेत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात ती लोह आणि फॉलिक ॲसिडची. त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, जंताची गोळी देतात. 'ही गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही' अशी कुजबुज आपल्या वस्त्यांमध्ये अधूनमधून फिरते. ती तद्दन खोटी आहे. ही गोळी हिंदू, मुस्लिम, आदिवासी सगळ्या मुलामुलींना सारखीच दिली जाते आणि गरोदर बायकांना तर लोहाच्या गोळ्या रोज देतात, बाळ नीट व्हावं म्हणून. घेतल्यावर शौच काळपट होते, कधी मळमळतं. ती विषाची खूण नाही, न शोषलेल्या लोहाचा तो रंग आहे. जेवणानंतर घ्या, पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. आजारी असाल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल घरात कुणाला असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

या योजनेत एक भोक आहे आणि ते आपल्या समाजाला लागतं. गोळ्या मिळतात त्या सरकारी आणि अनुदानित शाळांतून, आणि शाळेबाहेरच्या मुलींना अंगणवाडीतून. शाळेबाहेरच्या मुलग्यांचा विचारच नाही. म्हणजे जो मुलगा शाळेत न जाता फक्त निवासी मदरशात शिकतो, बारा-तेरा वर्षांचा, घरापासून लांब, रोज भात आणि पातळ डाळीवर, तो कुठल्याच यादीत नाही. तुमच्या गावात असा मदरसा असेल तर मोहतमिम साहेबांना भेटा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्या. भांडण न करता होण्यासारखं काम आहे. जंताची गोळी आणि वर्षातून एक रक्ततपासणी यावर कुठल्याही मसलकचा मतभेद नसावा.

शेवटचा एक खुलासा केलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही इथून भलतंच घेऊन जाल. प्रत्येक उदासी लोहाची नसते. जेवण आणि मन यांच्यातला संबंध खरा आहे. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ तरुण स्वयंसेवकांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हा धडधाकट, हसरे तरुण चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले होते. २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांचा आहार बारा आठवडे सुधारला त्यांच्यापैकी जवळपास एक तृतीयांश जण नैराश्यातून बाहेर आले. पण ते प्रौढ होते आणि त्यांच्यातले बहुतेक जण आधीपासून औषध किंवा समुपदेशन घेत होतेच. आहार त्याच्या जोडीला होता. म्हणून कुणी मित्र जगण्याला कंटाळलोय म्हणाला तर त्याला 'गूळ-शेंगदाणे खा' असं सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्यासमोर १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठी आणि उर्दूतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथेही जाता येतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं, म्हणजे चाळीसच्या वर्गात तीन. तावीज बांधायचा तर बांधा, मी काढायला लावणार नाही, पण तो बांधून आधी डॉक्टरकडे जा.

उद्या सकाळी साडेसातला मागच्या खोलीत हिमोग्लोबिन तपासणी आहे. आरोग्य केंद्रातून दोन ताई येणार आहेत, बोटाला टोचून रक्त घेतील. ज्यांचा आकडा कमी येईल त्यांची शिरेतून पुन्हा तपासणी होईल, तेव्हा आकडा बघून तिथेच रडायला बसू नका. चिठ्ठी तुमच्याच हातात मिळेल, मोठ्याने वाचली जाणार नाही. मुलग्यांची रांग वेगळी आहे आणि ती रिकामी राहिली तर मी नावं वाचून बोलावणार आहे. नाश्त्याला बाजरीची भाकरी, उसळ आणि लिंबू आहे. चहा साडेनऊला मिळेल, त्याआधी नाही. स्वयंपाकघरातल्या मंडळींशी त्यावरून हुज्जत घालू नका, ते मीच सांगून ठेवलंय.